सिरियल संदेशवहनाची मानके : तुलनेच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
एम्बेडेड सिस्टीमच्या अध्यापनात आरएस-२३२, आरएस-४८५, आय-टू-सी, एसपीआय आणि कॅन यांची तुलना बहुधा एकाच तक्त्यात केली जाते. वेग, तारांची संख्या व अंतर हे रकाने भरले की विषय पूर्ण झाला असे मानले जाते. परीक्षेच्या दृष्टीने हा तक्ता सोयीचा असला, तरी त्यातून निवडीचा विवेक निर्माण होत नाही. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्री उद्योगामुळे ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात ही उणीव केवळ पुस्तकी राहत नाही.

तुलनेतील मूलभूत दोष :
या तक्त्यात भिन्न स्वरूपाच्या गोष्टी एकाच पंक्तीत बसविल्या जातात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले आरएस-४८५ केवळ तारेवरील विद्युत संकेताचे स्वरूप ठरविते. संदेशाची रचना ठरविण्याचे काम मॉडबससारख्या प्रोटोकॉलकडे असते. बॉशने १९८६ मध्ये मांडलेले कॅन संदेशाची चौकट, अग्रक्रम व त्रुटीतपासणी हे सर्व स्वतःच ठरविते. मोटोरोलाने रूढ केलेल्या एसपीआयला तर सर्वमान्य औपचारिक मानकाचा दर्जाही नाही. त्यामुळे ‘एसपीआय वेगवान, आरएस-४८५ संथ’ हे विधान खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते.

भट्टीचा दाखला :
इंडक्शन भट्टीजवळील तापमानाची नोंद २०० मीटर दूर असलेल्या नियंत्रण कक्षात पाठवावयाची आहे, असे समजू. फिलिप्सने १९८२ मध्ये विकसित केलेले आय-टू-सी एकाच बोर्डावरील चिपसाठी आहे. मूळ मर्यादेनुसार तारांची एकूण धारिता ४०० पिकोफॅरडपेक्षा अधिक चालत नाही. एसपीआयमध्ये संदेश पोहोचल्याची पोचही मिळत नाही. आरएस-२३२ मध्ये संकेत सामाईक ग्राउंडच्या संदर्भात मोजला जातो. १९६९ च्या आवृत्तीनुसार अंतराची शिफारस सुमारे १५ मीटर आहे. मोठ्या विद्युतप्रवाहामुळे दोन ठिकाणच्या ग्राउंडमध्ये विभवांतर निर्माण झाल्यास ते थेट संकेतात मिसळते.

आरएस-४८५ चा ग्राहक मात्र दोन तारांमधील फरकच वाचतो. दोहोंवर सारखाच आलेला व्यत्यय वजा होतो. कमी वेगात सुमारे १२०० मीटरपर्यंत हे मानक वापरता येते. तापमान सेकंदासेकंदाने बदलत असल्याने येथे अधिक वेगाचा लाभ नाही. तथापि आरएस-४८५ चुकीचा बिट ओळखत नाही. त्यासाठी मॉडबस आरटीयूमधील १६ बिटांची सीआरसी तपासणी आवश्यक ठरते. कॅन स्वतः चूक ओळखून संदेश पुन्हा पाठविते. परंतु सेकंदाला १० लाख बिट या वेगात त्याची मर्यादा सुमारे ४० मीटर असल्याने येथे वेग बराच कमी करावा लागेल.

निष्कर्ष :
तुलना वेगापासून नव्हे, तर तीन प्रश्नांपासून सुरू व्हावी : तार कोठून जाते, तिच्याभोवती कोणता व्यत्यय आहे आणि चूक ओळखण्याची जबाबदारी कोणाची? प्रयोगशाळेत टेबलावरील एक मीटर तारेने प्रत्येक मानक यशस्वीच ठरते. चालू मोटारीशेजारून लांब तार नेऊन तोच संदेश आरएस-२३२ व आरएस-४८५ या दोन्हींवरून पाठवावा आणि चुकलेली अक्षरे मोजावीत. भट्टीचे तापमान चुकीचे वाचले गेल्यास ओतकाम वाया जाते. विद्यार्थ्याला हे कारखान्यात कळण्याआधी महाविद्यालयात कळणे इष्ट आहे.