स्थळ पसंत आहे

'मुंबई-पुणे-मुंबई'चा शेवट आठवून पाहा. आईवडिलांनी सुचवलेल्या मुलाला नकार द्यायला मुंबईची एक मुलगी पुण्यात येते. तिथे एक फटकळ पुणेकर भेटतो, दोघं दिवसभर शहरात फिरतात, भांडतात, आपापल्या जुन्या प्रेमांबद्दल बोलतात, आणि शेवटी कळतं की नकार ज्याला द्यायचा होता तो हाच. सतीश राजवाडे यांचा हा चित्रपट २०१० च्या जूनमध्ये आला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्यावर महाराष्ट्राने जीव टाकला, तो अजून टाकतोच आहे. टीव्हीवर कितव्यांदा लागला तरी माणसं थांबून बघतात.

आमच्या इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत हा चित्रपट बहुतेकांनी असा टीव्हीवरच पाहिलेला आहे. मल्टिप्लेक्ससाठी नाशिक गाठायचं म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि भाताच्या हंगामात गिरणी सोडून तेवढ्यासाठी कोण जाणार? टीव्हीवर बघण्यात एक गंमत असते. अख्खं घर एकत्र बसलेलं असतं, त्यामुळे कोण कुठे हसतं ते दिसतं. तरुण मुली हसतात मुक्ता बर्वेच्या उत्तरांना. समोरच्या पुरुषाला एकही वाक्य सुखाने संपवू न देणारी, आपल्या जुन्या प्रेमाबद्दल मान खाली न घालता बोलणारी नायिका त्यांना हवीहवीशी वाटते. त्यांच्या आया मात्र शेवटाला खुलतात. "बघ, घरच्यांनी बघितलेलंच स्थळ निघालं ना!" हा शेरा मी इतक्या घरांत ऐकलाय, की आता मला तोच या चित्रपटावरचा सर्वांत अचूक अभिप्राय वाटतो.

कारण चित्रपटाची सगळी चतुराई तिथेच आहे. मुलीला वाटतं तिने निवडलं, आईवडिलांना वाटतं त्यांनी निवडलं, आणि दोघंही बरोबर. रिचर्ड लिंकलेटरच्या 'बिफोर सनराइज'मध्येही अनोळखी तरुण-तरुणी व्हिएन्नात एक रात्र बोलत फिरतात. पण तिथे सकाळची गाडी सुटणार, ही हुरहुर शेवटपर्यंत पोटात राहते. त्या दोघांची घरं पडद्यावर कुठेच नाहीत. आपल्याकडे पडद्यावर जवळजवळ दोघंच, तरी घर एक क्षणही दूर गेलेलं नसतं. ते पत्ता होऊन चित्रपटभर पुण्यातच थांबलेलं असतं. प्रेक्षकाच्या डोळ्यांत शेवटी जे पाणी येतं त्यात प्रेमापेक्षा सुटकेचा भाग मोठा असतो. चला, कुणाचं मन मोडलं नाही!

मराठी प्रेमविनोदी चित्रपटाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. त्याची भावनिक गाठ जोडीशी कमी आणि होकार देणाऱ्या घराशी जास्त असते. प्रेक्षक हसतो जोडीला, रडतो घरासाठी.

हे आजचं नाही, पण अगदी पहिल्यापासूनचंही नाही. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त अत्र्यांनी आणि मास्टर विनायकांनी घराला फारसं विचारलंच नव्हतं. ब्रह्मचर्याच्या व्याख्यानाने भारावून नट्यांची चित्रं फेकून देणारा औदुंबर आणि त्याचं व्रत मोडायला पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरणारी मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी. त्या काळच्या पुण्या-मुंबईत यावरून केवढा गहजब झाला, हे जुन्या माणसांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आलेलं आहे. लोक संतापले आणि लोकांनी गर्दीही केली. पुढच्या पाऊणशे वर्षांत एखाद्या मराठी प्रेमविनोदाने प्रेक्षकाला असं दोन्ही बाजूंनी हलवल्याचं उदाहरण शोधावं लागतं.

नंतर जागेचा प्रश्न आला आणि विनोदाची सगळी सूत्रं त्याच्याकडे गेली. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'त, १९७० साली, नव्या जोडप्याला चाळीतल्या खोलीत चार शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. बासू चटर्जींनी त्यावरूनच १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' केला. दोन्हींत शेवटी सासरच्या माणसांच्या मायेपुढे जागेची अडचण हरते आणि नवी सून डोळे पुसते. ती अडचण सुटलेली नसते, हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त पुण्यात जागा मिळावी म्हणून दोन पुरुषांना पार्वती आणि सुधा व्हावं लागतं, कारण लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते जोडपीच. प्रेम या चित्रपटात सवडीने येतं, आधी खोली लागते. घोटीतल्या चहाच्या टपरीवर त्यातले संवाद आजही पाठ म्हणून दाखवणारी विशीतली पोरं आहेत. त्यांचा जन्म चित्रपटानंतर दीड दशकाने झालेला. नोकरीसाठी नाशिकला किंवा ठाण्याला जाऊन खोली शोधायची वेळ आल्यावर हा विनोद त्यांना नव्याने कळतो.

२०१५ च्या 'डबल सीट'मध्ये समीर विद्वांस यांनी 'मुंबईचा जावई'चाच प्रश्न पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा मांडला. रोह्याची मंजिरी लालबागच्या खोलीत सून म्हणून येते आणि स्वतःच्या फ्लॅटचं स्वप्न धरते. इथे मात्र दिग्दर्शकाने मायेने प्रश्न गुंडाळला नाही. कर्ज, पगार, हप्ते, फसवणूक हे सगळं पडद्यावर आणलं. मला हा गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत प्रामाणिक मराठी प्रेमविनोद वाटतो. त्याचं कौतुक झालं, पण 'मुंबई-पुणे-मुंबई'सारखं वेड कुणाला लागलं नाही. हप्ता आठवला की डोळ्यांत वेगळं पाणी येतं.

दरम्यान मालिकांनी घराचा पडदा पूर्ण उघडून टाकला होता. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये झी मराठीवर आली. तोच दिग्दर्शक, तीच जोडी. घना आणि राधा आपापल्या सोयीसाठी कराराचं लग्न करतात. नवरा-बायकोच्या नात्याकडे कागद म्हणून बघण्याची ही कल्पना खरं तर धाडसी होती. प्रेक्षकांनी ती हसतखेळत स्वीकारली, कारण भोवती घनाचं, म्हणजे काळ्यांचं, भरलेलं घर होतं, आणि दोघांचा करार मोडू नये यापेक्षा त्या घराला कळू नये याचीच सगळ्यांना धास्ती होती. पुढे 'होणार सून मी ह्या घरची'त श्रीच्या अनेक आया एकाच छताखाली आल्या. श्रीची बायको जान्हवी हिचं गरोदरपण इतकं लांबलं की राज्यभर त्यावर विनोद झाले. पण चेष्टा करणारेही रात्री आठ वाजता टीव्हीसमोर असत. त्या काळात घोटीत संध्याकाळी कुणाकडे जायचं तर मालिकेची वेळ टाळूनच जावं लागे.

राजवाड्यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'च्या त्रयीतही हेच झालं. पहिल्या भागात नायक-नायिकेला नावंसुद्धा नव्हती. २०१५ च्या दुसऱ्या भागात ती गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे झाली. (नायिकेला हे नाव ठेवताना आपल्या कथालेखिका गौरी देशपांडे कुणाला आठवल्या होत्या का, कोण जाणे. त्यांच्या नायिकांनी हे लग्न दुसऱ्याच दिवशी मोडीत काढलं असतं.) दोन कुटुंबं आली, खरेदी आली, संगीताचे कार्यक्रम आले, जुना प्रियकर अर्णव परत आला, आणि गौरी चित्रपटभर गोंधळलेली राहिली. पहिल्या भागातली ती तडफदार मुलगी कुठे गेली, अशी तक्रार मी अनेक बायकांकडून ऐकली, आणि ती रास्त आहे. २०१८ च्या तिसऱ्या भागात बाळ आलं. एका दिवसाच्या संभाषणावर उभं राहिलेलं नातं आठ वर्षांत पाळण्यापर्यंत पोचलं, आणि वाटेत संभाषणच हरवलं. हसू येत राहिलं, पण माणसं बोलेनाशी झाली.

उलट दिशेने गेला तो वरुण नार्वेकरांचा 'मुरांबा', २०१७ सालचा. आलोक आणि इंदूचं नातं तुटतं आणि ती बातमी आलोकच्या आईवडिलांना कळते. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमित यांनी रंगवलेले हे आईबाप इंदूला मनोमन सून मानून बसलेले. पोराचं प्रेम मोडलं याचं दुःख पोरापेक्षा त्यांनाच जास्त. म्हणजे पुन्हा घरच! पण या घराला एक गोष्ट जमते जी मराठी पडद्यावर फार दिसत नाही. बाप मुलाला खोदून विचारतो आणि चूक मुलाची आहे, तिच्या यशाने तो खुजा झालाय, हे त्याच्याकडून काढून घेतो. स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष देणारं घर. मला 'मुरांबा' त्यासाठी आवडतो. तरी एक शंका राहतेच. इतके समंजस, इतके मोकळे आईवडील कुठल्या पेठेत, कुठल्या सोसायटीत राहतात? आमच्याकडे बाप मुलाशी बोलतो तो बियाण्याबद्दल, फार तर गाडीच्या हप्त्याबद्दल.

नकार देणारं घर दाखवलं ते दोघांनी. रवी जाधवांच्या 'टाइमपास'ने (२०१४) दगडू आणि प्राजक्ताला वेगळं केलं. लोक हळहळत बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागाने त्यांची हळहळ मिटवून टाकली. प्रेक्षकाला दुःख एक वर्षापेक्षा जास्त पेलत नाही, असा निर्मात्यांचा हिशोब असावा. नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये तो हिशोब मोडला. 'सैराट'चा पहिला भाग हा निखळ प्रेमविनोद आहे. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, चिठ्ठ्या पोचवणारे मित्र. आणि शेवटी आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात, ती त्यांना चहा देते. मराठी चित्रपटाने दिवाणखान्यात मुलीच्या हातून चहाचे किती ट्रे फिरवले असतील, त्या सगळ्यांचा हिशोब या एका चहात होतो. त्यानंतरची ती शांतता ज्यांनी चित्रपटगृहात अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शंभर कोटींच्या आसपास गल्ला जमवलेल्या या चित्रपटानंतर तरी प्रेमविनोदातल्या घराची भाषा बदलेल असं मला वाटलं होतं. बदलली ती गाण्यांची भाषा. २०२२ च्या अखेरीस आलेल्या रितेश देशमुखांच्या 'वेड'वर लोकांनी भरभरून रडून घेतलं, पण ते अश्रू मूळ तेलुगू 'मजिली'चे होते, आणि दारूत बुडालेल्या नवऱ्याची निमूट वाट बघणाऱ्या श्रावणीला आमच्या मुलींनी आदर्श मानावं, हे मला आजही पटत नाही.

आता घोटीतला खरा कांदेपोह्यांचा कार्यक्रम बघा. त्यात जुन्या प्रेमांची उजळणी होत नाही. मुलगा गोंद्याच्या कंपनीत पर्मनंट आहे की कंत्राटी? शेती किती, पाण्याखाली किती? नाशिकला फ्लॅट घेतलाय का, की घ्यायचा विचार आहे? शेती आहे पण मुलगा शेती करत नाही ना, हा प्रश्नही सरळ विचारला जातो. शेती हवी आणि शेतकरी नको, याहून विनोदी अट कुठला लेखक सुचवणार? लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. राज्य हसलं. ज्यांच्या घरी तिशी उलटलेला मुलगा आहे ते हसले नाहीत.

या विषयावर पडदा अगदी मुका नाही. २०२४ च्या जानेवारीत 'नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री' आला. शिकलेला शेतकरी, त्याला मुलगी मिळत नाही, अशी त्याची गोष्ट. क्षितीश दातेंनी तो सच्चेपणाने उभा केला. मांडणी थोडी व्याख्यानाकडे झुकते, पण प्रश्न आमचा आहे. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' त्याहून पुष्कळ पुढे जातो. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये नेटपॅक पुरस्कार मिळवून हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. विदर्भातल्या कापसाच्या गावातली सविता पुन्हा पुन्हा पाटावर बसते आणि पुन्हा पुन्हा नाकारली जाते. सुरुवातीला सगळं उलटं दिसतं, बायका बसल्या आहेत आणि मुलगा मान खाली घालून उत्तरं देतोय. प्रेक्षक खळखळून हसतो. मग तेच प्रश्न सविताला विचारले जातात आणि हसू घशात अडकतं. याला कुणी प्रेमविनोद म्हणणार नाही. पण 'मुंबई-पुणे-मुंबई'तली मुलगी नकार द्यायला निघाली होती, आणि सविताला नकार देण्याची संधीच कुणी देत नाही. दोन्ही चित्रपट एका संध्याकाळी लागोपाठ बघितले तर या कलाप्रकाराने पंधरा वर्षं कुणाच्या घरात काढली ते लख्ख कळतं.

आमच्या तालुक्याला सिनेमा परका नाही. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके जन्मले ते डोंगरापलीकडच्या त्र्यंबकेश्वरला. इगतपुरीच्या पावसात आणि धुक्यात गाणी चित्रित करायला युनिटं येतात. शेजारच्या मुंढेगावला चित्रनगरी उभारण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली आहे. पण येणाऱ्यांना आमचं धुकं हवं असतं, माणसं नको असतात. नायक-नायिका आमच्या धरणाकाठी गातात आणि प्रेमात पडायला मुंबई-पुण्याला परत जातात.

पटकथा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच सांगणं आहे. गाण्याच्या चित्रीकरणाला याल तेव्हा दोन दिवस जास्त राहा. एखाद्या गिरणीमालकाकडे मुलगी बघायचा कार्यक्रम असेल तिथे पाहुण्यांबरोबर बसा आणि कोण काय विचारतं ते टिपून घ्या. विनोद तिथे तयार मिळेल. आणि पुढच्या चित्रपटात एकदा तरी मुलीला घरच्यांनी बघितलेल्या मुलाला खरोखर नकार देऊ द्या. शेवटी तो तोच निघाला असं करू नका. घोटीच्या बायका रुसतील, पण बघतील.