फुकट वाचलेल्याचं टेबल

वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. दहा-दहा वर्षं एखादी मालिका न चुकता वाचणाऱ्यानं तिच्या चित्रकाराला एक छदामही दिलेला नसतो. म्हणूनच अमेरिकेतल्या कॉमिक संमेलनात वाचक चित्रकाराच्या टेबलापाशी येतो तो थोडा ओशाळूनच. पुस्तक चाळतो, "हे सगळं आधीच वाचलंय" म्हणतो आणि तरी विकत घेतो.

या कलेचं पोट अशा टेबलांवरही भरतं. पडद्यावर फुकट दाखवायचं. पुस्तकं, छापील चित्रं, स्टिकर टेबलावर विकायचे. टेबलाचं भाडं, प्रवास, हॉटेल वजा जाता अनेकांच्या हाती फारसं उरत नाही. तरी ते येतात. चित्रकार "नाव कसं लिहायचं?" विचारतो आणि मान खाली घालून पुस्तकाच्या पहिल्या पानावर मार्करनं आपलं पात्र काढू लागतो. तेवढ्या दोन मिनिटांत वाचक सांगून टाकतो, कुठला विनोद अजून आठवतो आणि कुठला डोक्यावरून गेला. किती जणांनी पाहिलं, हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

प्रत्यक्ष भेटण्याची ही ओढ जुनी आहे. 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकच्या रँडल मन्रोनं २००७ साली एका चित्रात नुसते अक्षांश-रेखांश आणि तारीख दिली, तर २३ सप्टेंबरला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या त्या बागेत शेकडो वाचक हजर! १९९८ साली सुरू झालेल्या 'पेनी आर्केड' या वेबकॉमिकच्या जोडीनं तर २००४ मध्ये स्वतःचंच संमेलन भरवलं, 'पॅक्स'. ते व्हिडिओ गेमचं, पण मुळात वाचकांच्या जिवावर उभं राहिलेलं.

दुखणी नाहीत असं नाही. सव्वा लाखाहून अधिक लोक येणाऱ्या सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात सिनेमा कंपन्यांच्या गजरात एकट्या चित्रकाराचं टेबल दिसतच नाही. इतरत्रही स्वतःच्या कथेपेक्षा दुसऱ्यांच्या गाजलेल्या पात्रांची चित्रं जास्त खपतात. मला ही तडजोड खुपते. टेबल चित्रकाराचं आणि गिऱ्हाईक बॅटमॅनचं. शिवाय आता 'वेबटून' या ॲपवरच्या कथा फोनवर वरून खाली सरकतात. 'लोर ऑलिंपस'सारखी कथा पुस्तकात येते तेव्हा ती लांब पट्टी कापून पानांत बसवावी लागते आणि दोन चित्रांमधली ती मोठी, मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा आक्रसते. टेबलावर मिळतं ते मूळ कथेचं कातरलेलं रूप.

म्हणून मला लहान मेळावे जवळचे वाटतात. मेरीलँडमधल्या बेथेस्डाचा 'स्मॉल प्रेस एक्स्पो' १९९४ पासून भरतो. तिथले इग्नाट्झ पुरस्कार मेळाव्याला आलेल्यांच्या मतांवर ठरतात आणि २००१ पासून त्यांत ऑनलाइन कॉमिकचाही विभाग आहे. पुरस्काराचं नाव 'क्रेझी कॅट' या कॉमिकमधल्या वीट फेकणाऱ्या उंदराचं. म्हणून विजेत्याच्या हातात देतात ती खरीखुरी वीट.