तंबाखू लागवडविषयक कृषिसंशोधन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेकाठचे गाव भातशेतीच्या कोकणपट्ट्यात मोडते. तेथे तंबाखूचे पीक नाही. मात्र गावाच्या नावाशी ज्याचे नाव जुळते त्या आपटा वृक्षाचे पान तेंदूच्या पानाप्रमाणे विडी वळण्यासाठी वापरले जाते. विडीचे वेष्टन वनातून येते, तर आतील तंबाखू निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातील शेतातून. या शेतातील पिकावर झालेल्या संशोधनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशोधनाची वाटचाल व योगदान :
१९४७ मध्ये राजमहेंद्री येथे केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली. विडी तंबाखूसाठी गुजरातेतील आणंद व कर्नाटकातील निपाणी ही केंद्रे महत्त्वाची ठरली. या संशोधनाचे श्रेय नाकारता येत नाही. तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया मावतात. त्यामुळे गादीवाफ्यावरील रोपवाटिका, विरळ पेरणी व रोपे कोलमडण्याच्या रोगाचे नियंत्रण यांचे शास्त्र उभे करणे आवश्यक होते. मुळांवर जगणाऱ्या बंबाखू या परोपजीवी वनस्पतीचे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. ती फुलण्यापूर्वी उपटणे व पीकफेरपालट करणे हे उपाय शेतकऱ्यांना उपयुक्त ठरले.

मापदंडाची मर्यादा :
तथापि या संशोधनाचा मापदंड प्रामुख्याने हेक्टरी उत्पादन व पानाची प्रत हाच राहिला. शेंडा खुडण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. निकोटीन मुळांत तयार होते; शेंडा खुडल्यावर ते उरलेल्या पानांत अधिक साठते, पान जाड व कडक होते. हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. पण शेंडा खुडल्यावर फुटवे येतात व ते पुनःपुन्हा हाताने काढावे लागतात. ओल्या पानांतील निकोटीन त्वचेतून शरीरात जाऊन मळमळ, चक्कर व उलट्या होतात. मजुरांच्या या विकाराचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला. म्हणजे पिकाचे ज्ञान एका कपाटात व पीक हाताळणाऱ्या हातांचे ज्ञान दुसऱ्या कपाटात राहिले. फुटवे रोखणाऱ्या डेकॅनॉलसारख्या रसायनाचे मोल केवळ मजुरीच्या बचतीत मोजणे म्हणूनच अपुरे आहे.

उत्पादन आणि भाव :
दुसरी मर्यादा अर्थकारणाची. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाच्या लिलावाची व्यवस्था व्हर्जिनिया तंबाखूपुरती आहे. विडी तंबाखूचा शेतकरी व्यापाऱ्यावर अवलंबून राहिला. १९८१ मध्ये निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी आंदोलन झाले व पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच परिसरातील तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ मध्ये लघुपट केला. उत्पादनवाढीचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न या घटनांनी उपस्थित केला. केवळ सुधारित वाण त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

पर्यायी पिकांचा प्रश्न :
भारताने २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. त्याचे सतरावे कलम तंबाखू उत्पादक व कामगारांना परवडणाऱ्या पर्यायांसाठी साहाय्य करण्यास सांगते. राजमहेंद्रीच्या संस्थेचे नाव अलीकडे बदलून त्यातून तंबाखू हा शब्द वगळला गेला, हेही सूचक आहे. परंतु नाव बदलणे म्हणजे प्रश्न बदलणे नव्हे. जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस हा पर्याय उभा राहिला. कोरडवाहू काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावलेली तंबाखू साठलेल्या ओलाव्यावर तग धरते, साठवता येते व रोख पैसा देते. पर्यायी पिकाने या तिन्ही कसोट्यांना उतरले पाहिजे.

समारोप :
तंबाखूचे कृषिसंशोधन तंत्रदृष्ट्या समृद्ध, परंतु दृष्टीने एकांगी राहिले. रोपवाटिका, ओलावा व फेरपालट यांविषयी त्याने मिळवलेले ज्ञान पर्यायी पिकांच्या शोधात कामी येऊ शकते. मात्र त्यासाठी हेक्टरी उत्पादनाबरोबर मजुराचे आरोग्य व शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांचीही नोंद प्रयोगाच्या तक्त्यात व्हावयास हवी.