फर्नांडा मोंतेनेग्रो : शब्दांतून मौनाकडे जाणारा अभिनय

प्रस्तावना :
वॉल्टर सालेस दिग्दर्शित 'सेंट्रल स्टेशन' (१९९८) या चित्रपटामुळे ब्राझीलच्या अभिनेत्री फर्नांडा मोंतेनेग्रो जगभर परिचित झाल्या. या भूमिकेसाठी त्यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार आणि पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले. तथापि, त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट होते व पाठीशी सुमारे अर्धशतकाची नाट्यसाधना होती. ती वगळून केलेले त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन अपुरेच ठरते.

रंगभूमीवरील जडणघडण :
१९२९ साली रिओ द जानेरो येथे जन्मलेल्या मोंतेनेग्रो यांची वाणी रेडिओवर घडली. १९५९ मध्ये पती फर्नांडो टोरेस, सेर्जिओ ब्रितो, इतालो रोस्सी आणि दिग्दर्शक जानी रात्तो यांच्यासमवेत त्यांनी नाट्यसंस्था स्थापन केली. नेल्सन रॉड्रिग्ज यांनी 'डांबरी रस्त्यावरचे चुंबन' हे नाटक त्यांच्याच आग्रहावरून लिहिले. ते १९६१ मध्ये रंगमंचावर आले. १९७३ मध्ये या दांपत्याची निर्मिती असलेल्या 'कालाबार' या नाटकावर लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने बंदी घातली. शब्दांचे सामर्थ्य आणि शब्द हिरावले जाण्याचा अनुभव, या दोहोंतून ही अभिनेत्री गेली आहे.

चित्रपटातील मौन :
रंगमंचावरील नट पडद्यावर अनेकदा अधिक बोलका होतो. मोंतेनेग्रो यांच्याबाबत नेमके उलट घडते. लेओन हिर्झमन यांच्या 'ते काळा टाय वापरत नाहीत' (१९८१) या संपकरी कामगारांवरील चित्रपटात रोमाना व तिचा पती मेजाशी बसून घेवड्याचे दाणे निवडतात. सहकाऱ्याच्या मृत्यूचा शोक शब्दांत न येता हातांच्या संथ हालचालींत उतरतो. 'सेंट्रल स्टेशन'मधील डोरा ही निवृत्त शिक्षिका निरक्षरांची पत्रे पैसे घेऊन लिहिते, पण अनेकदा टपालात टाकत नाही. दुसऱ्यांच्या शब्दांविषयीची तिची तुच्छता त्या ओठांच्या किंचित हालचालीतून सुचवतात. म्हणूनच शेवटी डोरा स्वतःचे पत्र लिहिते, तेव्हा त्या प्रसंगातील भावविवशता कृत्रिम वाटत नाही. एरवी मुलगा व वृद्धा यांची ही प्रवासकथा सहज अश्रुप्रधान झाली असती.

सालेस यांच्याच 'आय ॲम स्टिल हिअर' (२०२४) मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध युनिस पाइव्हाची भूमिका केली. तरुणपणीची युनिस त्यांची कन्या फर्नांडा टोरेस यांनी साकारली आहे. १९७१ मध्ये लष्कराने नेलेल्या व कधीच न परतलेल्या पतीचे छायाचित्र दूरचित्रवाणीवर दिसताच विझलेल्या नजरेत क्षणभर ओळख उमटते. तेथे संवाद नाही, आवश्यकताही नाही.

निष्कर्ष :
सत्तेने लादलेले मौन स्मृती पुसू पाहते; मोंतेनेग्रो यांचे अभिनयातील मौन ती जपते. हे मौन शब्दांवर प्रभुत्व मिळवल्यानंतर आलेले असल्याने त्यास अर्थघनता लाभते. त्यांच्या अभिनयाचे महत्त्व पुरस्कारांच्या यादीपेक्षा या संयमात शोधणे अधिक उचित ठरेल.