‘पथविक्रेता’ : एका कायदेशीर संज्ञेची चिकित्सा

शासनव्यवहारातील मराठीवर आजवर जी टीका झाली, ती बहुतांशी दुर्बोधतेच्या आक्षेपापाशी येऊन थांबते. शब्द अवघड आहेत, संस्कृतप्रचुर आहेत, जनसामान्यांना कळत नाहीत, असा तिचा सूर असतो. हा आक्षेप खोटा नाही. परंतु तो वरवरचा आहे. अवघड शब्द वापराने अंगवळणी पडतो, हे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ या शब्दांनी सिद्धच केले आहे. खरा प्रश्न असा की, एखादी संज्ञा शासन आणि प्रजाजन यांच्यात कोणता संबंध गृहीत धरते, आणि तो संबंध मूळ कायद्याला अभिप्रेत असलेल्या संबंधाशी जुळतो की नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका लहानशा शब्दसमूहाची तपासणी करावयाची आहे. रस्त्यावर बसून अगर हिंडून व्यापार करणाऱ्यांना नगरपालिका कोणत्या शब्दांनी ओळखतात, त्यांना कोणते कागद देतात व त्यांना उठवताना कोणते क्रियापद योजतात, हा तिचा विषय. उदाहरणांसाठी जालना जिल्हा घेतला आहे, तो तेथील बाजारभाषेत तीन राजवटींचे थर स्पष्ट दिसतात म्हणून.

त्यांपैकी सर्वांत खालचा थर हैदराबाद संस्थानाचा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. नगरपालिकेला ‘बलदिया’ म्हणत आणि दप्तराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तर मराठी झाले. पण बाजारातील वसुलीच्या निविदांतून ‘तहबाजारी’ हा फारसी शब्द मराठवाड्यात अद्याप डोकावतो. ‘तह’ म्हणजे तळ, खालचा थर. बाजारात ज्या तळावर माल मांडला त्या तळाचे भाडे म्हणजे तहबाजारी. शब्द मोठा प्रामाणिक आहे. कोण बसला, कशासाठी बसला, त्याला बसण्याचा अधिकार आहे काय, यांपैकी कशाचीच चौकशी तो करीत नाही. जमीन वापरलीस, पैसे दे, एवढाच त्याचा अर्थ.

या भाड्याच्या बदल्यात मिळते ती पावती. ‘पावणे’ म्हणजे पोहोचणे. तेव्हा पावती हा पैसा पोहोचल्याचा दाखला होय. पैसा देणाऱ्याला काय मिळाले, याविषयी ती मुग्ध राहते. शिवाय मराठीत पावती ‘देतात’ तशी ‘फाडतात’ही, आणि हे दुसरे क्रियापद भाड्याला व दंडाला सारखेच लागू पडते. ‘आज पावती फाडली’ असे गाडेवाला म्हणतो तेव्हा त्याने हक्काचे शुल्क भरले की गुन्ह्याचा दंड भरला, हे वाक्यावरून ठरवता येत नाही. ही संदिग्धता भाषेने निर्माण केलेली नाही. व्यवहारातच ती आहे, आणि भाषेने ती इमानाने टिपली आहे. बाजारवसुलीचा ठेका लिलावाने देण्याची पद्धत असल्यामुळे पुष्कळदा पावती फाडणारा हात नगरपालिकेचा नसून ठेकेदाराचा असतो. वर्षानुवर्षांच्या पावत्या जपून ठेवणाऱ्याजवळ कागदांचा गठ्ठा जमतो. संबंध मात्र जुळत नाही.

दुसरा थर ‘परवान्या’चा. हाही शब्द फारसीच. मूळचा तो आज्ञापत्राचा वाचक आहे आणि आज्ञेचा हा वास त्याला अजून आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय निर्माण झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला, आणि परिभाषेच्या या उद्योगातून ‘अनुज्ञप्ती’ हा संस्कृत पर्याय रूढ करण्यात आला. शब्द पालटला, अर्थाची घडण तीच राहिली. परवाना काय किंवा अनुज्ञप्ती काय, दोहोंतही एक देणारा असतो आणि एक मागणारा. मूलतः निषिद्ध असलेली गोष्ट देणाऱ्याच्या कृपेने विहित होते. परवान्याला ‘नाकारणे’, ‘रद्द करणे’, ‘निलंबित करणे’ ही क्रियापदे इतक्या सहजतेने चिकटतात ती त्यामुळेच.

या पार्श्वभूमीवर २०१४ चा केंद्रीय अधिनियम पाहावा. मराठीत त्याचे नाव ‘पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम’ असे आहे. त्याच्यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांची परंपरा आहे. १९८९ च्या सोदान सिंग प्रकरणात न्यायालयाने पदपथावरील व्यापार हा संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील व्यवसायस्वातंत्र्यात येतो असे मानले. मात्र अमुकच जागेवर बसण्याचा हक्क कोणास नाही, असेही त्याच वेळी सांगितले. २०१४ च्या अधिनियमाने या व्यापाऱ्याला परवाना देऊ केलेला नाही. त्याने देऊ केले आहे ‘विक्री प्रमाणपत्र’. हा भेद किरकोळ नव्हे. प्रमाणपत्र नवी वस्तुस्थिती निर्माण करीत नाही, असलेली प्रमाणित करते. जन्माच्या दाखल्याने कोणी जन्मास येत नाही. तिसऱ्या कलमाचा क्रमही यास अनुसरूनच आहे. आधी सर्वेक्षण, मग आढळलेल्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रे. आणि सर्वेक्षण पुरे होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणासही उठवावयाचे नाही. व्यापारी आधी, कागद नंतर. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे अनुज्ञेच्या उक्तीची जागा अभिज्ञेच्या उक्तीने घेतली आहे.

हा एवढा मोठा पालट ज्या संज्ञेच्या खांद्यावर दिला, ती संज्ञा मात्र दुर्बळ निघाली. ‘पथविक्रेता’ हा समास पाहा. मराठीत ‘-विक्रेता’ हे उत्तरपद असलेले रूढ समास म्हणजे पुस्तकविक्रेता, दूधविक्रेता, वृत्तपत्रविक्रेता. या सर्वांत पूर्वपद विकल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव असते. हा साचा मराठी कानात इतका पक्का आहे की, ‘पथविक्रेता’ ऐकताच ‘पथ विकणारा’ हाच अर्थ प्रथम उमटावा. सप्तमी तत्पुरुष म्हणून त्याचे समर्थन करता येईल, नाही असे नाही. पण समर्थन करावे लागते यातच शब्दाचा पराभव आहे. यातील दैवदुर्विलास असा की, रस्त्यावरील व्यापाराच्या विरोधकांचा नेमका हाच आरोप असतो : सार्वजनिक रस्ता विकून खाल्ला जात आहे. संरक्षणासाठी घडवलेल्या शब्दाने नकळत आरोपपत्राचेच शीर्षक पुरवावे, हे परिभाषाकारांच्या लक्षात आले नसावे.

दुसरा दोष अव्याप्तीचा. अधिनियमाच्या व्याख्येत वस्तू विकणाऱ्यांबरोबरच जनतेला सेवा पुरविणाराही येतो. चपला सांधणारा चर्मकार, चाकू-कात्र्यांना धार लावणारा शिकलगार, किल्ल्या घडवणारा, रस्त्याकडेला खुर्ची मांडून बसलेला न्हावी, हे सर्व कायद्याच्या दृष्टीने पथविक्रेते होत. मराठीच्या दृष्टीने यांपैकी कोणीही विक्रेता नाही. ‘तुम्ही विक्रेते आहात काय?’ या प्रश्नाला शिकलगार ‘नाही’ म्हणेल आणि ते त्याचे उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर असेल. सर्वेक्षण हे अखेर प्रश्न विचारूनच होते, म्हणून हा दोष कोशापुरता राहत नाही. एका नकारार्थी उत्तराने माणूस यादीतून गळतो, आणि जो यादीत नाही त्याला पुढचे कोणतेच कलम पोहोचत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण कायद्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. व्याख्येच्या अखेरीस असे म्हटले आहे की, फेरीवाला आदी शब्दांप्रमाणेच स्थानिक अथवा प्रदेशविशिष्ट असे इतर सर्व समानार्थी शब्दही या संज्ञेत समाविष्ट समजावेत. म्हणजे कायद्याने बोलीभाषेला दार उघडे ठेवले आहे. या दारातून आत काय येऊ शकेल? सिंधी बाजार, मामा चौक, गांधी चमन, मंठा चौफुली अशा ठिकाणी कान देऊन हिंडले तर विद्यार्थ्यांना गाडेवाला, ठेलेवाला, पालवाला, हारेवाली, टोपलीवाली अशा शब्दांचे पीक मिळेल. त्यांतील भेद अर्थपूर्ण आहेत. गाडा ढकलता येतो, पाल ठोकावे लागते, हारा डोक्यावर येतो आणि सायंकाळी डोक्यावरच परत जातो. अधिनियमाने स्थिर, फिरते आणि इतर असे वर्ग पाडले. त्यांहून बारीक वर्गवारी लोकभाषेत आयतीच आहे. महाराष्ट्रातील शासनव्यवहारात मात्र दीर्घकाळ ‘फेरीवाला’ हा एकच शब्द सर्वांना लावला गेला. वास्तविक ‘फेरी’ म्हणजे फिरणे. तीस वर्षे एका वडाखाली बसलेल्या बाईला फेरीवाली म्हणणे म्हणजे तिचे बसणे नाकारण्यासारखे आहे. मराठीत ‘ती बाजारात बसते’ या वाक्यातच तिचा व्यवसाय सांगितलेला असतो. ‘विकते’ म्हणण्याची गरज पडत नाही.

‘ना-फेरीवाला क्षेत्र’ हा जोडशब्द याच शब्दाची संतती. नापसंत, नालायक, नाकबूल यांच्या चालीवर ‘ना-फेरीवाला’ म्हणजे जो फेरीवाला नाही तो; तेव्हा हे क्षेत्र कोणाचे? पण या विनोदापाशी रेंगाळण्याचे कारण नाही, कारण याच्या शेजारचा शब्द अधिक गंभीर आहे. विक्रेते व ग्राहक जेथे परंपरेने जमतात अशा स्थळाला अधिनियमाने विशेष स्थान दिले आहे. पहिल्या अनुसूचीप्रमाणे सर्वेक्षणात निश्चित झालेला असा बाजार विक्रीनिषिद्ध क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. इंग्रजी पदाचे शब्दशः भाषांतर करून मराठीत याला ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतात. यात निसर्गाचे काय आहे? मराठीत या कल्पनेला सिद्ध शब्द आहे : वहिवाट. दीर्घ वापराने पायवाट जशी पडते, तसा वापरानेच मान्य झालेला उपभोग म्हणजे वहिवाट. महसुलाच्या आणि शेतीच्या तंट्यांत हा शब्द खेड्यातील अडाणी माणूसही अचूक वापरतो. ‘वहिवाटीचा बाजार’ म्हटले असते, तर हक्काची भाषा लोकांच्या तोंडी आपसूक आली असती. ‘नैसर्गिक बाजार’ या शब्दावर कोणी कधी दावा सांगितल्याचे ऐकू येत नाही.

बाजाराचे मराठी क्रियापदही पाहण्याजोगे आहे. बाजार ‘भरतो’. अकर्मक क्रियापद, कोणी भरवावा लागत नाही. याच्या उलट टोकाला नगरपालिकेच्या सूचनांतील वाक्ये आहेत : ‘अतिक्रमणे काढण्यात आली’, ‘माल जप्त करण्यात आला’. येथेही कर्ता दिसत नाही, परंतु न दिसण्याचे कारण वेगळे. बाजार भरण्याला एक कर्ता नसतोच. अतिक्रमण काढण्याला असतो आणि तो वाक्यातून वगळलेला असतो. ‘-ण्यात येणे’ ही रचना प्रशासकीय मराठीची लाडकी आहे, आणि निर्णय कोणी घेतला हे सांगण्याची जबाबदारी ती वाक्यावरून उतरवते. त्यातही ‘अतिक्रमण’ या शब्दाचे स्थित्यंतर लक्षणीय आहे. मूळचे हे भाववाचक नाम. सीमा ओलांडण्याची क्रिया. वापरात ते वस्तुवाचक आणि गणनीय झाले. ‘चाळीस अतिक्रमणे हटवली’ या वाक्यात चाळीस माणसे, त्यांचे गाडे व त्या दिवशीचा माल अशा तीन गोष्टी एका नामात विरघळून जातात. कायदा मात्र त्या वेगळ्या ठेवतो. अठराव्या कलमाप्रमाणे हलविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि एकोणिसाव्याप्रमाणे जप्त मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल त्याने मागितल्यास त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत सोडावा लागतो. ‘अतिक्रमण’ हे नाम योजले की नोटीस कोणाला द्यावयाची हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अतिक्रमणाला पत्ता नसतो.

यावर एक सबळ आक्षेप घेता येतो व तो टाळणे योग्य होणार नाही. आक्षेप असा की, दोष शब्दांचा नसून कायद्याचाच आहे. एकोणतिसावे कलम स्पष्ट सांगते की, या अधिनियमामुळे विक्रेत्याला कोणत्याही जागेवर तात्पुरता, कायमचा वा निरंतर हक्क प्राप्त होत नाही. मग वहिवाटीसारखा हक्कवाचक शब्द योजणे म्हणजे लोकांची दिशाभूल नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. ‘माझी जागा’ असे बाजारात बसणारी बाई म्हणते, त्या षष्ठी विभक्तीला हे कलम मान्यता देत नाही. परंतु व्यक्तीचा जागेवरील हक्क आणि बाजाराचा स्थळावरील हक्क हे भिन्न आहेत. पहिला अधिनियम नाकारतो. दुसरा तो मान्य करतो. प्रचलित मराठी परिभाषेत हा दुसरा हक्क व्यक्तच होत नाही, आणि म्हणून पहिला नाकारताना दुसराही नाकारला गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

जालन्यापुरते पाहिले तर या प्रश्नाला आता निकड आली आहे. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाऐवजी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम शहराला लागू झाला. अतिक्रमण-निर्मूलनाचे अधिकार नव्या व्यवस्थेत भारदस्त आहेत. ३३ व्या कलमान्वये २०१४ चा अधिनियम इतर कायद्यांवर प्रभावी आहे, पण कार्यालयातील जुने शब्द त्याहूनही प्रभावी असतात. अधिनियमाने विक्रेत्यांच्या संख्येस लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांचे प्रमाण घालून दिले आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. त्या हिशेबाने सुमारे ७,१०० विक्रेत्यांना सामावून घेण्यास कायद्याचा अडसर नाही. त्यांचे किमान चाळीस टक्के निवडलेले प्रतिनिधी नगर पथविक्रेता समितीत असावयाचे आहेत. मुंबईत अशी निवडणूक व्हावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला, यावरून इतरत्र किती घाई असेल याची कल्पना यावी. दरम्यान २०२० च्या स्वनिधी योजनेने सर्वेक्षणातून सुटलेल्यांसाठी ‘शिफारसपत्र’ नावाचा आणखी एक कागद आणला. म्हणजे कर्जासाठी ज्याला मान्यता, त्याला बसण्यासाठी ती असेलच असे नाही.

आठवड्याचे बाजार करणाऱ्यांची स्थिती तर याहूनही विचित्र आहे. आज अंबड, उद्या परतूर, परवा एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील बाजार, असा ज्यांचा सप्ताह असतो, ते खरे फेरीवाले. अधिनियमातील स्थानिक प्राधिकरणाची व्याख्या शहरे व नगरे यांपुरती आहे. खेड्यातील बाजाराचे शुल्क १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली वसूल होते. असा मनुष्य दर वारी वेगळ्या संस्थेला पैसे देतो, आणि कोणत्याच संस्थेच्या यादीत त्याचे नाव असण्याचे कारण नसते. त्याच्याजवळ पावत्या मात्र सर्वांच्या असतात. या पावत्यांचा भाषिक अभ्यास, म्हणजे त्यांवर छापलेले शीर्षक, शुल्काचे नाव, देणाऱ्याचा निर्देश व खालची बारीक अक्षरांतील टीप यांचे संकलन, विभागातील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घ्यावा. साहित्य विपुल आहे, आणि दर वारी नवे फाडले जात आहे.