मुक्तीची दोन व्याकरणे : टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांविषयी

विसाव्या शतकातील अभंगरचनेचा विचार करताना रत्नागिरी जिल्ह्यातील दोन नावे एकत्र घेण्याची प्रथा मराठी समीक्षेत नाही. पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३-१९७४) यांनी 'ज्ञानेश्वरी' अभंगरूपात आणली आणि 'संजीवनी गाथा' रचली. त्यांचे वाचन सांप्रदायिकांकडे सोपविले गेले. करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची 'अभंगांजली' ही ख्रिस्ती मंडळींची उपासनासामग्री ठरली, आणि वाङ्मयेतिहासाने टिळकांना फुलामुलांचा कवी म्हणून स्वीकारून त्यांच्या श्रद्धेपासून आदरपूर्वक सुटका करून घेतली. दोघांचाही केंद्रीय विषय बंधमोक्ष हाच आहे. छंद तोच, भक्तिपरंपरेने घडविलेली शब्दकळाही बव्हंशी तीच. मग टिळकांच्या मुक्तीला 'ख्रिस्ती' म्हणायचे ते कशाच्या आधारावर? केवळ विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव आले म्हणून?

हा आक्षेप वरवरचा नाही. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे स्वतः टिळकांनीच म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. तेव्हा शब्दांच्या पातळीवर भेद शोधू जाता हाती फारसे काही लागणार नाही. तो वाक्यरचनेत, सर्वनामांच्या नात्यात शोधावा लागतो. नाथपरंपरेतील स्वरूपानंदांच्या रचनेत बंध म्हणजे स्वरूपाचे विस्मरण होय. जो बद्ध वाटतो तो मुळात बद्ध नव्हताच, हे 'सोऽहम्'च्या अनुसंधानाने उमगणे हीच तेथील मुक्ती. भक्ती तेथेही सुटत नाही; पण ती अद्वैताच्या पोटातली भक्ती आहे. 'मी' आणि 'तू' यांचे द्वैत हे तेथे बोलण्यापुरते उरते. टिळकांच्या अभंगात ते मावळत नाही. बंध हा तेथे भ्रम नसून एक घडलेली गोष्ट आहे : पाप, दुरावा, स्वतःभोवतीच फिरणारा अहं. जे खरोखर घडले आहे ते जाणिवेने पुसले जात नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी कृती लागते. म्हणून टिळकांचा 'तू' अखेरपर्यंत 'तू'च राहतो, आणि सुटलेला 'मी' पुन्हा स्वखुशीने त्याचा बांधील होतो. दास्यातच स्वातंत्र्य पाहण्याचा हा विरोधाभास पौलाच्या पत्रांतून आलेला आहे, तसाच तो वारकरी 'दास्यभक्ती'तूनही आलेला आहे. तो नेमका कोठून आला हे ठरविता येत नाही, यातच टिळकांच्या रचनेचे बळ आहे.

मराठी ख्रिस्ती गद्यातील धर्मांतराच्या कथनाशी ही जाणीव ताडून पाहण्यासारखी आहे. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच अंधार आणि उजेड अशी विभागणी करते. बंधन अलीकडे, मुक्ती पलीकडे आणि मध्ये बाप्तिस्मा. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईस १८९५ साली झाला; परंतु त्यांच्या जीवनात ही सीमारेषा इतकी स्वच्छ उमटत नाही. बंधन पलीकडच्या तीरावरही भेटते. पंडिता रमाबाईंना ते टिळकांच्या आधी भेटले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अवघ्या दोनेक वर्षांत अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी चाललेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट बजावले की, भारतीय पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने उतरविल्यावर तसलेच दुसरे जू आपण मानेवर घेणार नाही. केडगावच्या संस्थेला 'मुक्ती' हे नाव देणाऱ्या बाईंनी हा शब्द किती काटेकोरपणे वापरला होता, हे या पत्रांवरून ध्यानात येते. टिळकांना त्या टोकाशी येण्यास बावीस वर्षे लागली. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान असावे, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते निवर्तले. प्रयोग अपुरा राहिला. परंतु 'अभंगांजली'तील मध्यस्थाविना देवाशी बोलण्याची असोशी ही केवळ काव्यगत लकब नव्हती, एवढे त्यावरून निश्चित होते.

तरीही टिळकांचे अभंग एका ठिकाणी तोकडे पडतात. बंध त्यांत बहुधा अंतःकरणाचा आहे. तो घराचा, पाण्याचा, स्वयंपाकाचा क्वचितच होतो. ती उणीव 'स्मृतिचित्रे'ने भरून काढली, आणि लक्ष्मीबाईंच्या या ग्रंथाकडे विनोदी आत्मकथन म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजू पुरेशी जोखलेली नाही. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. पण त्या धुण्यामागे भय आहे, आणि ते भय घरभर सर्वांना बांधून ठेवते. आध्यात्मिक दास्याचे याहून नेमके चित्र मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दुसरे दाखविता येणार नाही. भेद माणसाने केला, देवाने नव्हे, या निर्णयाप्रत लक्ष्मीबाई येतात तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा व्हायचाच असतो. कोणा उपदेशकाची ती फलश्रुती नाही. मुक्ती येथे सिद्धान्त म्हणून अवतरत नाही. कोणाच्याही हातचे पाणी पिता येणे, हे तिचे रूप आहे.

शिवाय हाच ग्रंथ टिळकांच्या मुक्तीचा हिशेबही मांडतो. पत्नीस न कळविता घेतलेल्या त्या दीक्षेने एकाची बेडी तुटली. दुसरीच्या वाट्याला विरहाची आणि लोकापवादाची वर्षे आली. 'अभंगांजली'तल्या 'मी-तू'च्या संवादात या तिसऱ्या व्यक्तीला जागा नाही. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, मात्र काही वगळीतही नाहीत. आणि पुढे टिळकांचे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले तेव्हा त्याचे बहुतांश अध्याय त्यांनीच रचले.