समुद्रकिनारींचा वाद आणि त्याचीं दोन साधनें

महाडावरून वाहणारी सावित्री बाणकोटास समुद्राला मिळते. त्याच बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल आले व त्याच वर्षीं निवर्तले. परंतु कोंकणांतील लोकांस ख्रिस्ताची शिकवण सांगण्याचा त्या मिशनचा उद्योग तेथूनच सुरू झाला. पुढें चौतीस वर्षांनीं महाडाशेजारच्या माणगांव तालुक्यांतील शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१), ह्यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं मिशनऱ्यांशीं जाहीर वाद केला. तो १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला.

ह्या वादाचीं दोन पुस्तकें आहेत. एक अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन ह्यांचें, इंग्रजी, १८५७ सालचें. दुसरें मराठी, बुवांच्या पश्चात् १८७२ सालीं छापलेलें. ह्यांपैकीं आपल्या आवडीचें एक उघडून अमक्याचा जय झाला असा निकाल देण्याची रीत सोडली पाहिजे.

बोवेन हे स्वतः वादांतील पक्षकार. मराठींत झालेलें भाषण त्यांनीं इंग्रजींत उतरविलें. अर्थात् बुवांचा शब्द प्रतिपक्षाच्या हातून व परक्या भाषेंतून आपल्याकडे येतो. ‘धर्म’, ‘माया’, ‘अवतार’ हे शब्द असे गेले म्हणजे त्यांचा अर्थ ढळल्यावांचून राहत नाहीं. उलटपक्षीं, हें पुस्तक वादाच्याच वर्षीं, श्रोते हयात असतांना निघालें. त्यांत उघड विपर्यास खपणें अवघड होतें. मराठी पुस्तकाची भाषा वादाचीच खरी. पण मध्यें पंधरा वर्षें लोटलीं व बुवा तें तपासावयास उरले नाहींत.

मग कसोटी कोणती? बुवांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ सालीं, म्हणजे वादानंतर दोनच वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. बोवेन ह्यांनीं बुवांच्या तोंडीं घातलेलें जें मत त्यांत आढळेल तें ग्राह्य मानावें. न आढळेल तें त्याज्य नव्हे, पण पुराव्यावांचून वापरूं नये. मराठी पुस्तकासही हाच नियम लागू.

परधर्मीयास आपला धर्म सांगूं इच्छिणाऱ्यानें आधीं त्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत ऐकावें, अशी अपेक्षा आपण मिशनऱ्यांकडून करतों, आणि ती रास्त आहे. मिशनऱ्यांविषयीं लिहितांना तीच अपेक्षा स्वतःपासून न करणाऱ्या संशोधकास मात्र त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार पोंचत नाहीं.